जुन्या पोर्शे ९२८ च्या टायमिंग बेल्टचा सेन्सर : इशारा आला तर काय करायचं आणि वायर कशी दुरुस्त करायची, अगदी पहिल्यापासून

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगून टाकतो, बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल. चालत्या ९२८ मध्ये डॅशबोर्डवर बेल्ट टेन्शनचा इशारा आला तर घर दोन किलोमीटरवर असलं तरी गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि टो ट्रक बोलवायचा. "एवढं घरी जाऊ, मग बघू" हे करायचं नाही. इशारा खोटा असू शकतो, या जुन्या गाड्यांमध्ये बऱ्याचदा असतोच, पण तो खोटा आहे हे रस्त्याच्या कडेला उभं राहून कळत नाही, आणि खरा निघाला तर पुढचं बिल गाडीच्या किमतीला जाऊन भिडतं.

मी न्यू जर्सीला राहतो, माझ्याकडे १९८८ ची ९२८ एस४ आहे. आपल्याकडचे दोघं-तिघं मित्र आता हौसेनं जुन्या स्पोर्ट्स कार घ्यायला लागलेत आणि प्रत्येकाला फोनवर हेच सगळं तासतासभर समजावून सांगितलंय, म्हणून म्हटलं एकदा मराठीत नीट लिहूनच काढू. ज्यांनी आयुष्यात फक्त टायर बदललाय त्यांनाही कळावं असं लिहायचा प्रयत्न आहे.

हा सेन्सर करतो काय

९२८ पहिल्यांदा १९७७ साली जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये दाखवली आणि १९९५ पर्यंत बनत होती. पुढे अॅल्युमिनियमचं व्ही८ इंजिन, गिअरबॉक्स मात्र मागच्या चाकांपाशी. १९७८ ची युरोपियन कार ऑफ द इयर हीच. माझी एस४ म्हणजे १९८७ पासूनची, पाच लिटर, ३२ व्हॉल्व्हवाली (व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडरमध्ये हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा). या इंजिनात टायमिंग बेल्ट एकच, पण दोन मीटरपेक्षा लांब. खाली क्रँकवरून (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) निघतो, दोन्ही बाजूच्या हेडवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागावर, एकेक कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवतो (दुसरा कॅम तिथून आत छोट्या चेननं फिरतो), शिवाय वॉटर पंप आणि ऑइल पंपसुद्धा ह्याच बेल्टवर. म्हणजे घरातला एकच कमावता माणूस म्हणा ना, त्याला काही झालं की सगळं घर बसतं.

आता ३२ व्हॉल्व्हच्या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीनं येतात. बेल्टनं दात सोडले किंवा तो तुटला की वेळ चुकते, पिस्टन वर येताना व्हॉल्व्ह अजून उघडाच असतो, आणि व्हॉल्व्ह वाकतात. सुरुवातीच्या ४.५ लिटरच्या गाड्यांना हा धोका नव्हता, तिथे बेल्ट गेला तर गाडी नुसती बंद पडायची, त्यामुळे कोणी जुना ९२८ वाला "काही होत नाही रे" म्हणाला तर त्याच्याकडे कुठलं इंजिन आहे ते आधी विचारा.

दुसरी गोष्ट, अॅल्युमिनियम तापलं की फुगतं. इंजिन गरम झालं की क्रँक आणि कॅममधलं अंतर वाढतं आणि बेल्ट ताणला जातो, थंड झालं की सैल. हे सांभाळायला पुढच्या बाजूला खाली एक टेन्शनर बसवलाय, अमेरिकेतल्या गाडीत पॅसेंजरच्या बाजूला. त्याच्या पोटात दोन धातूंच्या, तापमानानुसार आकार बदलणाऱ्या वॉशर्सची चळत असते आणि त्या नीट तापाव्यात म्हणून आत साधं इंजिन ऑइल भरलेलं असतं, वरून रबराचा बूट. ह्याच टेन्शनरवर आपला सेन्सर.

आणि सेन्सर म्हटल्यावर नवीन माणसाला वाटतं आत काहीतरी चिप असेल, तसं काहीही नाही. दारावरची बेल जशी, बटण दाबलं की दोन टोकं जुळली आणि बेल वाजली, तेवढंच. टेन्शनरवर एक कॉन्टॅक्ट आहे, तो बाकी धातूपासून वेगळा ठेवलेला. बेल्ट नको तितका सैल झाला की टेन्शनरचा हात सरकून त्या कॉन्टॅक्टला टेकतो, वायर अर्थ होते म्हणजे इंजिनच्या धातूशी जोडली जाते, आणि डॅशबोर्डला कळतं. एकच वायर. म्हणून दुरुस्ती सोपी आहे, आणि म्हणूनच लोक त्याला फार हलक्यात घेतात.

बिघडतो दोन प्रकारे, आणि दुसरा प्रकार वाईट

पहिला प्रकार असा की पस्तीस-चाळीस वर्षं इंजिनच्या उष्णतेत राहून वायरचं प्लास्टिक कडक होतं, भेगा पडतात, आतली तार उघडी पडून कुठेतरी इंजिनला टेकते. बेल्ट ठणठणीत असतो पण डॅशबोर्डला वाटतं सैल झाला. हा खोटा इशारा.

दुसरा प्रकार म्हणजे वायर मधेच तुटलेली, किंवा कनेक्टरमधून निसटलेली, किंवा कोणीतरी मुद्दाम काढून ठेवलेली. मग बेल्ट लोंबकळायला लागला तरी दिवा लागणार नाही. डॅशबोर्ड शांत, तुम्ही खूश, आणि आत काय चाललंय त्याचा पत्ता नाही.

माझ्या गाडीत हाच दुसरा प्रकार होता. घेतल्यापासून दोन वर्षं इशारा एकदाही आला नाही, मला वाटलं तब्येत उत्तम आहे. मग एका रविवारी खाली झोपून दुसरंच काही बघत होतो तर इंजिनच्या पुढच्या बाजूला एक बारीक वायर झिप टायनं बांधून ठेवलेली दिसली, टोकाला काळी टेप गुंडाळलेली. टेप सोडली तर वायर सरळ पक्कडनं कापलेली. आधीच्या मालकाच्या काळात कुठल्यातरी गॅरेजनं खोट्या इशाऱ्याला कंटाळून हा उपाय केला असणार. मी कव्हर उघडून बेल्ट बघितला आणि माझे हात गार पडले. टेन्शनरचा रबरी बूट फाटलेला, ऑइल केव्हाच वाहून गेलेलं, आणि बेल्ट मापापेक्षा पुष्कळ सैल. त्या अवस्थेत मी ती गाडी हायवेवर पळवत होतो, मागे मुलं बसलेली.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो, इशारा बंद करायच्या मागे लागू नका. आधी बेल्ट बघायचा, तो ठीक आहे याची खात्री झाली की मगच वायरला हात लावायचा. क्रम बदलायचा नाही.

सामान

जॅक आणि दोन चांगले जॅक स्टँड (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, कधीच नाही). मेट्रिक सॉकेट आणि रॅचेट, त्यात क्रँकच्या बोल्टसाठी २७ मिलिमीटरचं सॉकेट आणि लांब दांडा. साधा मल्टीमीटर, महागडा नको, पण बीप वाजणारा हवा. क्रिम्पिंगचा (वायरच्या टोकावर धातूची टोपी दाबून बसवायचा) चांगला पाना, पक्कडनं दाबून केलेलं क्रिम्प चालत नाही. आतून गोंद असलेली हीट श्रिंक ट्यूब (तापवली की आकसून घट्ट बसणारी नळी), हीट गन, काचेच्या धाग्याची स्लीव्ह, झिप टाय, कॉन्टॅक्ट क्लीनर, पितळी ब्रश, टॉर्च, पुसायला चिंध्या. दोन टोकांना क्लिप असलेली एक जंपर वायर. आणि नवीन वायर, तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

बेल्टचं टेन्शन मोजायला पोर्शेचं ९२०१ नंबरचं खास टूल असतं. ते विकत घेणं बहुतेकांना परवडत नाही, पण ज्यांच्याकडे ९२८ आहे त्यांच्याकडून मागून आणता येतं, नाहीतर ह्या गाड्यांचं काम करणाऱ्याकडून तेवढं मोजून घ्यायचं. अंगठ्यानं दाबून "बरा वाटतोय" हे मोजमाप नाही.

आधी बाहेरून तपासणी

ह्याला कव्हर उघडावं लागत नाही, अर्ध्या तासात होतं. टेन्शनरची वायर कव्हरमधून बाहेर येते आणि इंजिनच्या पुढच्या भागात एका छोट्या कनेक्टरला जोडलेली असते, तिथून पुढे गाडीचं हार्नेस, म्हणजे वायरींची मुख्य जुडी. तो कनेक्टर शोधा. इंजिन पूर्ण थंड हवं, मी तर रात्रभर गाडी उभी ठेवतो आणि सकाळी चहा झाल्यावर सुरू करतो. एस४ मध्ये आणखी एक आहे, गाडी बंद केल्यावरसुद्धा इंजिन तापलेलं असेल तर पुढचे दोन्ही फॅन आपोआप सुरू होऊ शकतात, म्हणून गरम गाडीत तिथे हात घालायचा नाही.

कनेक्टर सुटा करा. आता हार्नेसच्या बाजूची तपासणी. जंपरचं एक टोक हार्नेसच्या पिनला आणि दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूला लावा, वायर फॅन आणि बेल्टपासून लांब बांधून ठेवा, आणि हे सगळं इंजिन बंद असताना. मग कोणाला तरी आत बसवून इंजिन सुरू करायला सांगा. थोड्या वेळानं डॅशबोर्डवर बेल्टचा इशारा यायला हवा, लगेच आला नाही तर घाबरू नका, ही सिस्टीम सुरुवातीला जरा थांबते. माझ्या वेळी बायको आत बसली होती आणि मी गॅरेजच्या दारात उभा, बराच वेळ काहीच नाही, माझा जीव वरखाली, आणि मग आतून आवाज आला, "अहो लागला, लागला!" दिवाळीत पहिला फटाका वाजल्यावर होतो तसा आनंद झाला मला. कारण त्याचा अर्थ असा की डॅशबोर्डपर्यंतचं सगळं ठीक आहे आणि बिघाड फक्त पुढच्या त्या छोट्या वायरमध्ये आहे. इंजिन बंद करा, जंपर काढा.

इशारा आलाच नाही तर हार्नेसमध्ये किंवा डॅशबोर्डच्या बाजूला दोष आहे, ते वेगळं काम, ते वायरिंगवाल्याकडे द्या.

आता टेन्शनरच्या बाजूची वायर. मल्टीमीटर बीपवर ठेवा, एक टोक ह्या वायरच्या पिनला, दुसरं इंजिनच्या धातूला. बेल्टचं टेन्शन योग्य आणि वायर चांगली असेल तर बीप वाजता कामा नये. वाजला तर दोनच शक्यता, बेल्ट खरंच सैल आहे किंवा वायर कुठेतरी टेकतेय. आणि बीप वाजला नाही म्हणजे सगळं ठीक असं अजिबात नाही हां, वायर मधे तुटलेली असेल तरी बीप वाजणार नाही. इथे बरेच नवीन लोक फसतात. मीटर धरून वायर हलक्या हातानं हलवून बघा, कधी वाजतो कधी नाही असं झालं की समजायचं वायरच गेली.

उघडायचं

बॅटरीची अर्थची (निगेटिव्ह) वायर काढा. ९२८ मध्ये बॅटरी मागे डिकीच्या तळाशी असते, नवीन मालक पुढे शोधत बसतात. रेडिओला कोड असेल तर तो आधी हाताशी ठेवा. गाडी घरंगळू नये म्हणून मागच्या चाकांना ओट लावा, पुढची बाजू योग्य जागी जॅकनं उचलून स्टँडवर ठेवा, गाडी हातानं ढकलून हलत नाही ना ते बघा, आणि मगच खाली जा.

खालचं प्लास्टिकचं पॅन निघतं. वरून हवेच्या नळ्या काढा, जागा अडत असेल तर फॅन काढा, त्यानं हात घालायला भरपूर जागा होते. पॅसेंजर बाजूच्या बेल्ट कव्हरच्या पुढे डिस्ट्रिब्युटर कॅप (स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या भागाचं झाकण) येते. एस४ ला दोन डिस्ट्रिब्युटर आहेत, आणि प्लगच्या वायर सगळ्या एकसारख्या दिसतात. प्रत्येकीवर टेप लावून नंबर लिहा, फोटो काढा, दोन बाजूंनी काढा. माझे बाबा कोल्हापूरला उद्यमनगरात आयुष्यभर लेथवर काम करत होते, मी व्हिडिओ कॉलवर त्यांना दाखवत होतो तर त्यांनी पहिलं हेच विचारलं, "खुणा केल्यास का? आधी बघ रं, मग खोल." स्क्रूसाठी मी अंड्यांचा रिकामा ट्रे वापरतो, ज्या क्रमानं काढले त्या क्रमानं खाचांमध्ये ठेवायचे.

कव्हर निघालं की बेल्टची बाजू दिसते. आता लगेच बेल्टवर स्वच्छ प्लास्टिक टाका. ऑइल, कूलंट, क्लीनरचा फवारा, काहीही बेल्टवर पडू द्यायचं नाही, रबराला ते चालत नाही.

बेल्टच आधी

गाडी न्यूट्रलमध्ये. २७ च्या सॉकेटनं क्रँक फिरवायचा, समोरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनंच. उलटा फिरवायचा नाही, कितीही थोडं पुढे गेलं तरी नाही, सैल बेल्ट असेल तर उलट फिरवताना दात सुटू शकतो. खूण पुढे गेली तर परत दोन पूर्ण फेरे सरळ दिशेनं मारून यायचं. पहिल्या सिलिंडरच्या टीडीसीला, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेला आणा, कॅमच्या पुलीवरच्या खुणा मागच्या खाचांशी जुळल्या पाहिजेत. ह्या जागेवर, थंड इंजिनवर, ९२०१ टूलनं टेन्शन मोजतात, आणि त्या टूलच्या पट्टीवर आकडा ५ च्या आसपास यायला हवा. हा आकडा फक्त त्या टूलचा, दुसऱ्या कुठल्या गेजवर त्याला अर्थ नाही.

मोजताना नुसता आकडा बघून थांबू नका. बेल्टच्या कडा फाटल्यात का, दातांच्या मुळाशी भेगा आहेत का, एका बाजूला घासून चकचकीत झालाय का. टेन्शनरचा बूट बघा, बोटानं चाचपा, ओला लागतोय का, फाटलाय का. वॉटर पंपच्या आसपास कूलंटचे सुकलेले पांढरट डाग आहेत का. पंप जाम झाला तर तोच बेल्ट खातो, म्हणून बेल्ट बदलताना पंपाची तपासणी कोणीही टाळत नाही.

आकडा कमी आला तर वायरचं काम बाजूला ठेवा. तुमचा सेन्सर खरं बोलत होता. आणि नुसता टेन्शनरचा स्क्रू पिळून आकडा जुळवायचा मोह होईल, तो आवरा, कारण बेल्ट उगाच सैल होत नाही, बेल्ट जुना झालाय, ऑइल गेलंय किंवा रोलरचं बेअरिंग बसलंय. कारण शोधल्याशिवाय पिळलेला बेल्ट पुन्हा सैल होणारच. इथे अनुभवी माणसाला बोलवा, पहिल्यांदा करणाऱ्यानं एकट्यानं करायचं हे काम नाही. मीही तेव्हा एका जाणत्या मेकॅनिकला सोबत घेऊनच बेल्ट, पंप आणि टेन्शनरचं किट केलं, आणि तो जे जे करत होता ते शेजारी उभं राहून बघितलं. बेल्ट शेवटचा कधी बदलला ह्याची नोंद गाडीबरोबर मिळाली नसेल तर तो जुनाच धरून चाला. साधारण ६०,००० मैल म्हणजे लाखभर किलोमीटर धरतात, पण गाडी नुसती उभी असली तरी वर्षं मोजायची, रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं.

आकडा बरोबर आला, बेल्ट तरुण आहे, टेन्शनरच्या आत ऑइल आहे, तर आता वायर.

वायर

टेन्शनरच्या टोकाचं कनेक्शन हळूच सुटं करा. मीटरनं आता फक्त वायर तपासा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेझिस्टन्स जवळपास शून्य, एक ओहमच्या आतच हवा. मग एक टोक सुटं ठेवून वायर आणि इंजिन यांच्यात बघा, काहीच दाखवायला नको. दोन्हीपैकी एकात नापास झाली तर वायर बदलायची. खरं सांगायचं तर इतकं उघडल्यावर पास झाली तरी मी बदलतो. माझ्या गाडीतल्या वायरचा उरलेला तुकडा मी बोटांनी जरासा वाकवला तर वरचं प्लास्टिक भाजलेल्या पापडासारखं मोडलं, तळहातावर काळा चुरा, आणि आतली तांब्याची तार हिरवट पडलेली. बाहेरून ती ठीकठाक दिसत होती.

नवीन वायर कुठली घ्यायची यावर मी बराच विचार केला. दुकानात मिळणारी साधी पीव्हीसीची वायर साधारण १०५ अंशापर्यंतच चालते, आणि तीही कशीबशी, काही वर्षांत पुन्हा हीच कहाणी. सिलिकॉनची १८०-२०० अंश सहज सहन करते आणि गरम झाली तरी मऊ राहते, पण तो मऊपणाच तिचा दोष, धारदार कडेवर पटकन कापली जाते. टेफ्लॉनची वायर २०० च्या वर जाते, घासली तरी टिकते, सोलायला मात्र जरा त्रास देते आणि कडक असल्यामुळे वळवताना घाई चालत नाही. मी टेफ्लॉनची घेतली, पाऊण चौरस मिलिमीटरची, बारीक तारांच्या पेडाची. एकच जाड तार असलेली घेऊ नका, थरथरून तुटते.

वायर घालायची युक्ती पायजम्यात नाडी घालायचीच. जुनी वायर खेचून काढताना तिच्या शेपटीला मजबूत दोरा बांधायचा, म्हणजे दोरा त्याच वाटेनं आत जातो, मग त्या दोऱ्याला नवी वायर बांधून उलट खेचायची. जुनी वायर मधेच तुटेल असं वाटलं तर पातळ कडक तार आधी सरकवून घ्या. मूळ वाट सोडायची नाही, कंपनीनं जिथे क्लिप दिल्यात तिथूनच न्यायची, कारण तिथे बेल्टपासून अंतर आहे हे त्यांनी बघितलेलं आहे. वायर आत जायच्या आधी काचेच्या धाग्याची स्लीव्ह चढवा, नंतर चढत नाही. हीट श्रिंकचे तुकडेही आधीच ओवून ठेवा, हे विसरलं की सगळं परत सोडावं लागतं.

जोड शक्यतो कव्हरच्या बाहेर, कनेक्टरजवळ. आत बेल्टशेजारी जोड नको. टेन्शनरच्या टोकाला लग (वायर जोडायची धातूची कडी) क्रिम्प करा आणि वायर धरून चांगली ओढून बघा, निघाली तर आत्ता निघालेली बरी. डाग (सोल्डर) द्यायची सवय आपल्या सगळ्यांना असते, घरच्या रेडिओला, मिक्सरला आपण डाग देतोच, पण इथे नको. डाग दिलेली जागा कडक होते आणि जिथे कडकपणा संपतो तिथे वायर थरथरून तुटते, शिवाय साधं सोल्डर १८३-१९० अंशाला वितळतं. चांगलं क्रिम्प आणि वरून गोंदवाली श्रिंक ट्यूब, झालं. हीट गननं तापवताना गोंद दोन्ही टोकांनी बारीक कड्यासारखा बाहेर आला की जोड बंद झाला समजायचं, गन मात्र बेल्टकडे फिरवू नका.

टेन्शनरवरचा कॉन्टॅक्ट पितळी ब्रशनं हलक्या हातानं घासा, क्लीनर कापडावर घेऊन पुसा. वाकवू नका, जागा बदलू नका, त्याचं अंतरच तर इशारा केव्हा द्यायचा ते ठरवतं. टेन्शनरमधलं ऑइल कमी वाटलं तर साधं इंजिन ऑइल भरायचं, पण बूट फाटका असेल तर भरून उपयोग नाही, आधी बूट.

वायर जोडल्यावर क्लिप लावा, झिप टाय आवळा, टोकं कापा. मग परत २७ चा सॉकेट घेऊन क्रँक सरळ दिशेनं दोन पूर्ण फेरे हातानं फिरवा, आणि फिरवताना नजर फक्त वायरवर. बेल्ट आणि वायरच्या मधे एक बोट जायला हवं. थोडी जरी जवळ वाटली तर आत्ताच बदला. ह्या वायरनं बेल्टला टेकून त्याची कड खाल्ली तर जो सेन्सर बेल्ट वाचवायला बसवलाय त्यानंच बेल्ट संपवला असं होईल.

बंद करून चाचणी

कव्हर लावायच्या आधी मीटरनं एकदा, लावल्यावर पुन्हा एकदा, कारण कव्हरच्या कडेत वायर चिमटली जाऊ शकते, माझी पहिल्या वेळी चिमटलीच होती आणि मीटरनं लगेच बीप दिला म्हणून वाचलो. डिस्ट्रिब्युटर कॅप, प्लगच्या वायर नंबर बघून, नळ्या, फॅन, कनेक्टर, बॅटरी. अंड्याच्या ट्रेमध्ये एकही स्क्रू उरता कामा नये.

गाडी सुरू करा आणि घराजवळ पंधरा-वीस मिनिटं फिरवा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. वायर उष्णतेत सैलावते, थंड असताना न टेकणारी गरम झाल्यावर टेकू शकते, म्हणून गॅरेजमध्ये दोन मिनिटं चालवून समाधान मानू नका. इशारा आला नाही तर घरी आणा, थंड होऊ द्या, कनेक्टर सुटा करून जंपरची तीच पहिली चाचणी परत करा, इशारा आला पाहिजे. म्हणजे गरज नसताना शांत आणि गरज असताना बोलतो, दोन्ही कळलं.

बेल्ट नवीन टाकला असेल तर १,५०० ते २,००० मैलांनंतर टेन्शन पुन्हा मोजा, नवा बेल्ट सुरुवातीला थोडा लांबून सैल पडतो. मी कनेक्टरजवळ पिवळी टेप गुंडाळून ठेवलीय म्हणजे पुढच्या माणसाला शोधावं लागणार नाही, आणि दर वर्षी एप्रिलमध्ये, बर्फ संपून गाडी बाहेर काढायच्या आधी, जंपरची चाचणी करून तारीख आणि मैल ग्लोव्ह बॉक्समधल्या वहीत लिहितो. गाडी विकायची वेळ आली तर ती वही गाडीबरोबरच जाईल.